लहान गावाची गोडी

(नभोवाणीवरील भाषण)



लहान गावात राहण्याची गोडी, या विषयावर बोलावयाचे ठरले तेव्हा माझ्या मनात आले की, यात नवे सांगण्यासारखे काय उरले आहे? शहरातील मंडळी लहान गावाची स्तुती नेहमीच करीत असतात. तेथील हवा शुद्ध, तेथे शांतता नांदते, तेथे स्वस्ताई असते, तेथील माणसे साधीभोळी असतात, असे ती मोठ्या कौतुकाने सांगतात. आणि एवढे सांगून झाले म्हणजे रविवारी रात्रीच्या गाडीने आपल्या शहरात परत जातात. आम्ही जे बारा महिने लहान गावात राहतो, त्यांना ही स्तुती ऐकून थोडे हसू येते.

शांततेचेच पाहा. पहाटेच्या प्रहरी एस.टी. स्थानकावर गाड्यांची इंजिने घरघरू लागतात. मग देवळातील भूपाळ्या, मशिदीतील बांग आणि आमच्या चर्चची घंटा, अशी एकामागून एक हजेरी लागते. उरलेली उणीव कावळे आणि कुत्री भरून काढतात. स्वस्ताई म्हणाल, तर समुद्र इतका जवळ असूनही चांगली सुरमई आमच्या ताटात क्वचितच पडते. तिला दूरच्या बाजारात अधिक मोल मिळते, हे तिला नसले तरी विकणाऱ्याला ठाऊक असते. आणि माणसे साधीभोळी आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा आमच्या मासळीबाजारात यावे व बांगड्याचा भाव करून पाहावा. म्हणजे भोळे कोण, याचा निकाल पाच मिनिटांत लागेल.

तर मग लहान गावाची गोडी आहे तरी कशात? माझे उत्तर एका शब्दाचे आहे. ती ओळखीत आहे. येथे माणूस माणसाला ओळखतो, आणि ओळखतो म्हणजे तुकड्यातुकड्यांनी नव्हे, पुरता ओळखतो. हे सुख फुकट मिळत नाही व त्याला एक काटाही आहे. परंतु गोडी म्हणून जी काही आहे ती हीच, असे मला वाटते.

हवेत बोलण्यापेक्षा मी माझ्याच गावाचा दाखला घेते. आमचे गाव सावंतवाडी. 2011 सालच्या जनगणनेत आमची लोकसंख्या सुमारे 24 हजार भरली; मुंबईच्या एखाद्या वॉर्डात ती हरवून जाईल. गावाचे जुने नाव सुंदरवाडी. खेम सावंत भोसल्यांची ही राजधानी, म्हणून पुढे सावंतवाडी हे नाव रूढ झाले. 1948 साली संस्थान विलीन झाले, राजधानीचे तालुक्याचे गाव झाले. मध्यभागी मोती तलाव, त्याच्या काठी राजवाडा, पाठीशी नरेंद्र डोंगर. तलावाला एक फेरी घातली की निम्मे गाव भेटते आणि दुसरी घातली की उरलेले.

कोकण रेल्वे 1998 साली सुरू झाली, तेव्हा आमचे स्थानक गावात न होता काही कोसांवर मळगावला झाले. त्याचे नाव ‘सावंतवाडी रोड’. स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ असले म्हणजे शहाण्या प्रवाशाने समजावे, की गाव अजून दूर आहे. पुढे झाराप ते पत्रादेवी असा महामार्गही गावाबाहेरूनच गेला. म्हणजे रेल्वे व महामार्ग, दोघांनीही आम्हांला थोडे बाजूलाच ठेवले. व्यापाऱ्यांना त्याची हळहळ वाटली. पण मालमोटारींची रांग गेली आणि रस्त्यात उभे राहून दोन शब्द बोलण्याची सोय झाली, हेही खरे.

हे वर्णन सावंतवाडीचे असले तरी गोव्यातील डिचोली-पेडणे, बेळगावकडील खानापूर-निपाणी येथील श्रोत्यांना त्यात आपलेच गाव दिसेल. तलावाऐवजी नदी असेल, राजवाड्याऐवजी बाजारपेठ असेल, एवढाच फरक.

आता ओळखीचे सांगते. मी घरातून बाहेर पडले की पहिल्याच वळणावर प्रश्न येतो, “बाईनू, खंय चललात?” शहरातील पाहुण्यांना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो. मी कोठे जाते याच्याशी याला काय करावयाचे आहे, असे त्यांच्या मनात येते. वास्तविक या प्रश्नाला उत्तराची अपेक्षा नसते. “हंयसरच” एवढे म्हटले तरी विचारणाऱ्याचे समाधान होते. मी तुला पाहिले आहे, तू घराबाहेर पडली आहेस याची मला नोंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. परंतु या नोंदीचे मोल केव्हा कळते? औषधाच्या दुकानातला गृहस्थ एखाद्या आजीबाईंच्या गोळ्या चिठ्ठीवाचून ओळखतो. आणि गोळ्या संपण्याचा दिवस उलटून दोन दिवस झाले तरी कोणी न्यायला आले नाही, तर शेजारच्या पोराबरोबर निरोप धाडतो. हे काम त्याला कोणी नेमून दिलेले नाही. त्याच्या वहीत तशी नोंदही नसते. ती त्याच्या डोक्यात असते.

शाळेत तर या ओळखीवाचून माझे पान हलत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. पहिल्या तासापासून तो डुलक्या घेई. मुले त्याला कुंभकर्ण म्हणत. तो घुमा होता, काही सांगत नसे. एके दिवशी एस.टी.च्या वाहकाने मला स्थानकावर थांबविले. हा वाहक एकेकाळचा आमच्याच शाळेचा विद्यार्थी. तो म्हणाला, “बाईनू, तो पोर पाटेक चार वाजता उठता, दोन गायींचा दूध काढून डेअरीत घालता नि मगे आमची गाडी पकडता. बापूस अंथरुणार आसा.” एवढेच बोलून त्याने घंटी मारली आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलाला उभे केले नाही, की त्याची कहाणीही सांगितली नाही. फक्त गणितात दुधाचे उदाहरण घातले. इतके लिटर दूध, अमुक अंश स्निग्धांश, तर पैसे किती? सर्व वर्गात उत्तर आधी त्याचे आले. कुंभकर्ण हे नाव त्या दिवसापासून गळून पडले. मोठ्या शहरात त्या मुलाला कदाचित माझ्याहून चांगले शिक्षक मिळाले असते. पण त्याच्या बसचा वाहक त्याच्या शिक्षिकेला ओळखणारा असता काय, याची मला शंका वाटते.

पुरती ओळख म्हणजे काय, हे आमच्या दशावतारात फार चांगले दिसते. पावसाळा सरून कार्तिक लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे रात्रभर दशावताराचा खेळ रंगतो. नटांपाशी लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, पण संवाद रंगमंचावर उभे राहून त्याच क्षणी बोलावयाचे. डोक्यावर मुकुट, हातात तलवार, आणि वाणी अशी की पंडिताने कान द्यावा! स्त्रीपार्टीही पुरुषच, पण सीतेचा शोक ऐकून बायकांच्या डोळ्यांना पदर लागतो. आणि सकाळी? सकाळी तोच राजा भाताच्या मळणीवर उभा असतो, किंवा बाजारात नारळ मोजून देत असतो. शहरातील नाट्यगृहात नट पडद्याआड गेला की आपला आणि त्याचा संबंध संपला. आमच्याकडे तो पडद्याआड जातच नाही, कारण मुळात पडदाच नावापुरता. एका माणसाच्या अंगी राजाही असतो आणि नारळवालाही असतो, हे आमच्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. ते त्यांनी पाहिलेले असते. म्हणून नारळवाल्याशी तुच्छतेने बोलताना त्यांची जीभ जरा अडखळते. शिक्षणाचा याहून मोठा भाग मी पुस्तकातून देऊ शकत नाही.

जसे माणसांचे तसेच कामांचे. शहरात वस्तू दुकानात दिसते, ती कोणी आणि कशी केली हे दिसत नाही. आमच्या गावात चितार आळी आहे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे तेथे होतात. आंबा, केळे, सीताफळ, वांगे अशी, की पाहुण्याने उचलून नाकाशी न्यावीत. रंगविलेले पाट, चौरंग, भातुकलीची खेळणी होतात. शाळा सुटल्यावर मुले दारात उभी राहून पाहतात. कारागीर त्यांना हाकलीत नाही, फक्त उजेड अडवू नका म्हणतो.

याच आळीतील एक कला म्हणजे गंजिफा. तरुण श्रोत्यांपैकी अनेकांनी हा खेळ पाहिलाही नसेल. हे हाताने रंगविलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने. एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. म्हणजे सगळी मिळून 120 पाने. खेळ दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने उतारी करावयाची, रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाची पाळी. घरोघरी छापील पत्ते आले, तसा हा खेळ मागे पडला. आणि खेळणारेच उरले नाहीत, तेव्हा रंगविणाऱ्यांचे हातही थांबू लागले. विसाव्या शतकाच्या मध्याला ही कला विझण्याच्या बेताला आली होती. त्या वेळी राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी तिच्यात लक्ष घातले. गावातील एका वृद्ध चिताऱ्याकडून राणीसाहेबांनी स्वतः ही विद्या शिकून घेतली, आणि राजवाड्याच्या दरबार दालनातच चित्रकार बसवून गंजिफा पुन्हा रंगवू लागल्या. राणीसाहेब 2018 साली निवर्तल्या. दरबारात लावलेले ते रोपटे त्यांच्या मागे राहिले.

या गोष्टीत लोकांना राजवाडा दिसतो. मला त्यात राजवाडा आणि चितार आळी यांमधील अंतर दिसते. ते पायी चालण्याइतके आहे. तो वृद्ध चितारी कोठे राहतो, त्याच्या हातात अद्याप कसब उरले आहे की नाही, हे विचारण्यासाठी कोणाला समिती नेमावी लागली नाही. गाव लहान होते, म्हणून शेवटचा माणूस वेळेवर सापडला. मोठ्या शहरात अशी किती माणसे गल्लीबोळांत निजून गेली असतील आणि शेजाऱ्यालाही पत्ता लागला नसेल!

आता एक गोष्ट घरातील सांगते. मी ख्रिस्ती, आमच्या डाव्या हाताला ब्राह्मणाचे घर, उजव्या हाताला मराठ्याचे. चतुर्थीच्या दिवसांत बाजारात माटवीचे सामान येते. कवंडळे, हरणे, सुपारीची शिपटी, रानातील नाना फळेफुले. शेजारच्या घरी गणपतीवर माटवी सजते, आणि आमच्या घरी नेवऱ्यांचे ताट येते. डिसेंबरात आमचा नाताळ. आमच्याकडे दोदोल होते, कुलकुल होतात, आणि नेवऱ्याही होतात. सारणात थोडा फरक, मुरड मात्र तीच. तेच ताट मी भरून परत पाठविते. आमच्या आईचा नियम असा होता की शेजारचे भांडे रिकामे परत करावयाचे नाही. हा नियम कोणत्या धर्माचा म्हणावा? माझ्या आईला वाटे तो आमचा, शेजारच्या काकूंना वाटे तो त्यांचा. याविषयी त्यांचा वाद कधी झाला नाही, कारण ताट फिरत राहिले.

येथवर मी गोडी सांगितली. आता काटाही सांगितला पाहिजे. नाही तर माझे भाषण रविवारी परत जाणाऱ्या पाहुण्याच्या भाषणासारखे होईल.

जो डोळा आजीबाईंच्या गोळ्यांवर लक्ष ठेवतो, तोच डोळा तलावाच्या काठी एखादी मुलगी वर्गातील मुलाशी दोन शब्द बोलली हेही पाहतो. आणि ती घरी पोहोचण्यापूर्वी बातमी तिच्या घरी पोहोचते. दहावीत नापास झालेल्या मुलाला शहरात निदान अनोळखी रस्ते तरी असतात, आमच्याकडे प्रत्येक वळणावर “किती पडले?” हा प्रश्न उभा असतो. नवरा वारलेल्या बाईने जरा रंगाचे लुगडे नेसले, की तिला ते सकाळपासून रात्रीपर्यंत जाणवत राहते. आणि याहूनही जुना काटा म्हणजे जातीचा. “तुमी कोणाचे?” या प्रश्नात जिव्हाळा असतो, तसा पुष्कळदा जातीचा तपासही असतो. आडनाव कळले की पाट कोठे मांडावयाचा ते ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 साली घटना समितीत खेड्याच्या कौतुकावर कठोर शब्दांत टीका केली, ती याच अनुभवातून. ज्याला गावाने फक्त जातीने ओळखले, त्याला शहराची अनोळखी गर्दी मायेची वाटली, यात नवल ते काय? तेव्हा लहान गावाचे गोडवे गाताना आपण कोणत्या ओसरीवर बसून गात आहोत, हे पाहणे जरूर आहे.

म्हणून मी ओळख आणि पाळत यांत भेद करते. दोन्ही डोळ्यांनीच होतात, दोहोंतही माणूस दुसऱ्याचे पाहतो आणि तिसऱ्याला सांगतो. त्या वाहकानेही मुलाचे गुपित मला सांगितलेच होते. पण सांगितल्याने ज्याच्याविषयी सांगितले त्याचे ओझे हलके झाले की जड झाले, ही कसोटी लावावी. हलके झाले तर ती ओळख. जड झाले तर ती पाळत, मग तिला आपुलकीचे कितीही गोंडस नाव द्या. आमच्यासारख्या गावात प्रत्येकाच्या हातून दिवसाकाठी दोन्ही घडण्याची संधी असते. गावाची गोडी वाढावयाची की कमी व्हावयाची, हे त्या लहानसहान प्रसंगी, चहाच्या टपरीवर आणि विहिरीच्या काठी ठरत असते.

दुसरी अडचण पोटाची. कोकणातील माणूस पिढ्यान् पिढ्या मुंबईला जात आला. गिरणीत चाकरी करून गावी मनिऑर्डर धाडणारा तो चाकरमानी. 1982 साली गिरण्यांचा संप झाला आणि कित्येकांच्या त्या आधाराचा खांबच कोसळला. आज मुले गोव्याकडे, पुण्याकडे जातात. काही रोज सकाळी दुचाकीवरून पेडणे-म्हापशाच्या दिशेने कामाला जातात आणि दिवे लागताना परततात. गंभीर दुखणे आले की पुष्कळदा गोव्यातील बांबोळीची वाट धरावी लागते. या गोष्टी खऱ्या आहेत. तलावातील चांदणे दाखवून त्या झाकता येणार नाहीत. माझ्या वर्गातील हुशार मूल जेव्हा म्हणते, “बाई, येथे राहून काय करू?” तेव्हा मी त्याला नेवऱ्यांचे ताट दाखवून थांबवीत नाही. त्याने जावे, मोठे व्हावे.

परंतु एक गोष्ट मला टोचते. गावातून गेलेल्या मुलाविषयी आपण बोलतो, तो ‘पुढे गेला’. राहिलेल्याविषयी म्हणतो, तो ‘मागे राहिला’. या दोन शब्दांनी आपण फार मोठा अन्याय करतो. चतुर्थीला बंद घरांची कुलुपे निघतात, दिवे लागतात, पाच-सात दिवस आळी गजबजते. येणारा म्हणतो, वा! गावाची गंमत काही और आहे. पण त्या घराच्या कौलांवरील माकडे वर्षभर कोणी हाकलली? अंगणातील विहीर कोणी उपसली? म्हाताऱ्या आईला तापात दवाखान्यात कोणी नेले? मागे राहिलेल्यांनी! गावाची गोडी हे जर व्याज असेल, तर मुद्दल राहणाऱ्यांनी घातलेले आहे. व्याज घेणाऱ्याने निदान मुद्दलाचे नाव आदराने घ्यावे.

आणि राहणाऱ्यांनाही माझे एक सांगणे आहे. आपल्या गावात आज नवी माणसे आली आहेत. बांधकामावर कर्नाटकातून आलेली, बेकरीत आणि उपाहारगृहांत उत्तरेकडून आलेली, राखणदार म्हणून नेपाळहून आलेली. त्यांना आपण ओळखत नाही. हाक मारताना आपण त्यांच्या कामाचे नाव घेतो, नाही तर प्रांताचे. म्हणजे शहर आपल्या मुलांना जसे वागविते, तसेच आपण त्यांना वागवितो. यांची मुले माझ्या वर्गात बसतात. सहा महिन्यांत ती मालवणी बोलू लागतात, वर्षभरात दशावतारातील राजाची नक्कल करतात. ओळख हे जर गावाचे धन असेल, तर ते जुन्या घराण्यांच्या पेटीत ठेवून कसे चालेल? तसे झाले तर गंजिफेच्या पानांसारखी तीही एक दिवस काचेच्या कपाटात जाईल. पाहुणे तिकीट काढून पाहतील आणि म्हणतील, पूर्वी येथे माणसे एकमेकांना ओळखत असत.

मोठ्या शहरात राहणाऱ्यांनी ही गोडी आपल्याला नाही म्हणून खिन्न होऊ नये. एका जिन्याने चढणारी वीस घरे म्हणजे एक आळीच होय. त्या जिन्यावर कोणाचे दार दोन दिवस उघडले नाही, हे जर तुमच्या ध्यानात येत असेल, तर तुम्ही लहान गावातच राहता असे मी म्हणेन. आणि सावंतवाडीत राहूनही ज्याला शेजारच्या दाराची दखल नाही, तो खुशाल मुंबईकर समजावा.

तात्पर्य, लहान गाव गोड असते ते लहान असल्यामुळे नव्हे. लहान असल्यामुळे तेथे एकमेकांना ओळखणे सोपे असते, एवढीच काय ती सवलत. ती सवलत वापरणे किंवा वाया घालविणे आपल्या हाती आहे. उद्या सकाळी बाजारात जाल, तेव्हा ज्याला आजवर नुसते ‘ए’ म्हणून हाक मारीत आलात त्याला त्याचे नाव विचारा, आणि परवा ते लक्षात ठेवा. आजच्या भाषणाचा एवढा उपयोग झाला तरी मला पुष्कळ आहे.